कोकबुलाकची हिरवी पट्टी

"मॅडम, आ करा. अजून थोडा. जीभ खाली ठेवा."

चारुशीलाबाई गद्रे यांनी आ केला. वयाच्या बहात्तराव्या वर्षी कझाकस्तानच्या माळावर, घडीच्या खुर्चीत, नातीच्या वयाच्या पोरीपुढे आपण असं तोंड वासून बसू, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पोरीचं नाव ओवी काळसेकर, गाव चिपळूण. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी याच माळावर जे काम चारुशीलाबाई करत होत्या, ते आता ती करत होती. एके काळी इथे अणुचाचण्या झाल्या होत्या. अशा जमिनीवर माती, गवत, प्राणी तपासायला जाणारी माणसं सुखरूप परत यावीत, हे बघायचं काम.

ओवीच्या हातात टूथब्रशएवढं एक यंत्र होतं. टोकाला छोटासा चिमटा. तो तिने बाईंच्या मागच्या दाढेवर बसवला.

"आता पाच मिनिटं बोलायचं नाही हं."

बाईंनी डोळे मोठे केले. ओवी हसली. "माहीत आहे, शिक्षाच आहे ती. पण काय करणार!"

या यंत्राला सगळे दंतमापी म्हणत. त्यामागचं शास्त्र जुनंच होतं. दाताचं वरचं कवच म्हणजे एक प्रकारचा स्फटिक. किरणोत्सर्ग त्यातून गेला की काही इलेक्ट्रॉन आपल्या जोडीदारापासून सुटतात आणि स्फटिकाच्या फटीत अडकून बसतात. हाड झिजतं आणि पुन्हा भरतं, रक्त तर रोज नवं होतं, पण दाताचं कवच एकदा तयार झालं की बदलत नाही. त्यामुळे तिथे अडकलेला इलेक्ट्रॉन माणूस मरेपर्यंत, आणि त्यानंतरही, जागचा हलत नाही. चुंबकाच्या क्षेत्रात धरून सूक्ष्मलहरींनी टिचकी मारली की असे इलेक्ट्रॉन प्रतिसाद देतात आणि ते मोजता येतात. पूर्वी त्यासाठी दात उपटावा लागे आणि खोलीभर यंत्रं लागत. आता, २०४१ साली, पाच मिनिटं तोंड बंद ठेवता आलं की पुरे होतं. बाईंच्या तरुणपणी छातीवर फिल्मचा बिल्ला लावत. तो कुणी तंबूत विसरे, कुणी मुद्दाम काढून ठेवी. दात काही कुणाला काढून ठेवता येत नव्हता.

यंत्राने टुक केलं.

"तेहतीस मिलिसीव्हर्ट," ओवी म्हणाली. "आणि तुमच्या नोंदीत आयुष्यभराचे किती आहेत?"

"एकतीस."

"काय सांगता! फक्त दोनचा फरक? मॅडम, आमच्या पथकातल्या लोकांच्या नोंदी दुपटीने चुकतात."

"बिल्ला लावायचा म्हणजे लावायचा," बाई म्हणाल्या. चेहरा त्यांनी साधाच ठेवला, पण आतून त्यांना शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. "चला आता. बूटपिशव्या घेतल्यास? वारा सुटला तर मास्क? आणि खिसे दाखव बघू. शेंगदाणे-बिंगदाणे काही नाहीत ना?"

"मॅडम, सुरक्षा अधिकारी मी आहे."

"म्हणूनच विचारते. पंगतीत वाढणाराच शेवटी उपाशी राहतो."

ओवीने निमूटपणे खिशातून चिक्कीचा तुकडा काढून खुर्चीवर ठेवला.

*

चारुशीलाबाई इथे पाहुण्या म्हणून आल्या होत्या. १९९७च्या उन्हाळ्यात निरनिराळ्या देशांच्या शास्त्रज्ञांचं एक पथक या माळावर आलं होतं. त्यात डॉ. मोडकांच्या हाताखाली अठ्ठावीस वर्षांची चारुशीला होती. चार महिने पायपीट करून त्यांनी तीनशे बारा ठिकाणी किरणोत्सर्ग मोजला आणि नकाशा रंगवला. तांबडं म्हणजे जाऊ नका, पिवळं म्हणजे जपून जा, हिरवं म्हणजे खुशाल राहा. कोकबुलाक नावाच्या झऱ्याच्या खालची गवताची लांबट पट्टी हिरवी ठरली.

तो नकाशा नंतर कायमचा झाला. पुढच्या सगळ्या पाहण्या तांबड्या डागांच्या झाल्या. पैसा तिकडे गेला, यंत्रंही तिकडेच गेली. हिरव्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. आता त्या पट्टीवर तेरा मेंढपाळ कुटुंबं राहत होती, आणि येत्या वसंतात तिथे निवासी शाळा बांधायची होती. शाळेआधी जमिनीच्या दाखल्याचं नूतनीकरण हवं होतं. जुन्या पथकातलं आता एकच माणूस जिवंत उरलं होतं. त्याची सही घ्यावी, सत्कारही करावा, असं ठरलं. बाईंनी शाळेला भेट द्यायला म्हणून १९९७ची आपली मूळ वही आणली होती. तेलाचे डाग पडलेली, कोपरे दुमडलेली.

पण त्यांना खरी ओढ होती ती बायानची.

बायान तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि छावणीत स्वयंपाक करायची. चारुशीलाने तिला कुकर लावायला शिकवलं. पहिली शिट्टी झाली तेव्हा बायान तंबूबाहेर पळाली होती. दोघींची भाषा म्हणजे थोडी रशियन, थोडी कझाक आणि चुलीपुरती मराठी. पथक परत निघालं तेव्हा बायानचं लग्न ठरलं होतं. तिने विचारलं होतं, "सेरिक म्हणतो, झऱ्याखाली घर करू. करू?" चारुशीलाने नकाशावर बोट ठेवलं होतं. "कर. तिथे मी स्वतः मोजलंय."

आज सत्तर वर्षांची बायान दारात उभी होती. तिने बाईंना मिठी मारली, मग हातभर लांब धरून न्याहाळलं.

"अगं बाई," ती म्हणाली. हे दोन शब्द तिने चव्वेचाळीस वर्षं जपले होते. पुढचं कझाकमध्ये होतं, ते ओवीच्या कॉलरवरचं दुभाषी यंत्र सांगू लागलं. "किती वाळलीस! तुमच्याकडे मांस मिळत नाही का?"

"मी खात नाही हे तुला माहीत आहे."

"अजून? मला वाटलं, वय झाल्यावर शहाणी होशील."

आत गालिच्यावर बसल्यावर बायानने चहा ओतला. वाडगा अर्धाही भरला नाही. ओवी वाडग्यात बघतच राहिली.

"कंजूषपणा नाही तो," बाई हळूच म्हणाल्या. "थोडा ओतायचा म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो, पाहुणा बसून राहतो. काठोकाठ भरला तर समजायचं, प्या आणि निघा."

त्या दिवशी बाईंना अकरा वेळा चहा मिळाला.

दुपारी ओवीने मेंढ्यांचे दात मोजायला घेतले. मेंढी आयुष्यभर एकाच कुरणावर चरते, तिथेच बसते, तिथली धूळ खाते. त्यामुळे कुरणाची नोंद मेंढीच्या दातात सापडते. बायान शेजारी उभी राहून हसत होती.

"तोंड उघडून मी मेंढीचं वय सांगते. त्याला यंत्र कशाला?"

"वय नाही, आपा," ओवी म्हणाली. आपा म्हणजे मोठी बहीण, हे ती सकाळीच शिकली होती. "तिच्या अंगाला किती किरणोत्सर्ग लागला, ते बघते."

"मग माझंही बघ. मीही इथेच चरले आहे."

सगळे हसले. बायान खुर्चीत बसली आणि पाच मिनिटं गप्प राहिली. शेजारच्या तंबूतून तिची सून मुद्दाम बघायला आली, हे शांत दृश्य चुकवायला नको म्हणून.

यंत्राने टुक केलं. ओवीने आकडा पाहिला आणि चिमटा पुसून पुन्हा लावला. दुसऱ्यांदाही तेच झालं. मग ती मराठीत म्हणाली, "मॅडम, पंचेचाळीस. आणि मेंढ्याही जास्त दाखवताहेत. सगळ्या."

"यंत्र चुकलं असेल," बाईंच्या तोंडून निघून गेलं. पण बोलताबोलताच त्यांना कळलं, की सकाळी याच यंत्राने आपला आकडा बरोबर सांगितला, तेव्हा आपण खूश झालो होतो.

"हे यंत्र वजा काय करतं?" त्यांनी विचारलं.

"निसर्गाचा वाटा. आकाशातून, जमिनीतून प्रत्येकाला मिळतोच ना? तेवढा वयाप्रमाणे वजा होतो. उरेल ते वरचं. बायानआपांचं उरायला हवं शून्याच्या आसपास."

"निसर्गाचा वाटा" हे शब्द बाईंच्या मनात अडकून बसले. आपण तो कसा वजा करत होतो? रोज सकाळी. कुठे?

*

दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर त्यांनी वही उघडली. भेट द्यायची वस्तू म्हणून ती आणली होती, वाचायची म्हणून नव्हे.

तेव्हाची पद्धत साधी होती. सकाळी निघण्याआधी छावणीत मापक धरायचा आणि तिथला आकडा लिहायचा. तो निसर्गाचा वाटा, त्याला ते पाया म्हणत. दिवसभरात जिथे जिथे मोजलं, त्यातून पाया वजा करायचा. उरला तो स्फोटांनी मागे ठेवलेला किरणोत्सर्ग. उत्तर शून्याखाली गेलं तर शून्य लिहायचं, असा नियम होता.

बाई चष्मा लावून एक एक पान बघत गेल्या. जूनचा पहिला आठवडा ठीक होता. चौदा जूनपासून कच्च्या आकड्यांच्या रकान्यात एक छोटी आडवी रेघ दिसू लागली. वजा. मग प्रत्येक पानावर वजा, दहा ठिकाणांत सात ठिकाणी वजा. आणि शेजारच्या पक्क्या रकान्यात त्यांच्याच वळणदार अक्षरात शून्य, शून्य, शून्य.

त्यांना तो दिवस आठवला. "सर, इतके वजा कसे येतात?" असं त्यांनी विचारलं होतं. डॉ. मोडक दाढी करत होते, गालाला साबण तसाच. "वजा किरणोत्सर्ग कधी ऐकलायस का, चारू? उन्हाने मापक ढेपाळला असेल. शून्य लिही आणि चहा घे." सगळे हसले होते. त्याही हसल्या होत्या.

चौदा जूनला असं काय झालं होतं?

वहीत ते नव्हतं. ते त्यांच्या डोक्यात होतं, आणि तिथे ते एक गोड आठवण म्हणून राहिलं होतं. त्यांनी पुण्याहून रांगोळीची पुडी आणली होती. घरची फार आठवण यायची. तंबूच्या दारात काढावी म्हटलं तर जमीन गवताच्या ठोंबांनी खडबडीत. तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला सांगून सुकलेल्या ओढ्यातून दोन बादल्या बारीक वाळू आणवली आणि दारापुढे थापून चौकोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर ठिपक्यांची रांगोळी. पथकाला इतकी आवडली, की मोडक म्हणाले, "उद्यापासून पाया इथेच मोजायचा. जागा कुणी विसरणार नाही."

ओढा उतरत होता चाचण्यांच्या टेकड्यांकडून. पावसाळी पाण्याबरोबर जे वाहून आलं ते त्या बारीक वाळूत साठलं होतं. छावणीत येणारा प्रत्येक दगड, प्रत्येक गवताची काडी त्या मोजून घेत. वाळू त्यांनी मोजली नव्हती. ती कामाची नव्हती ना, ती घरची होती.

"ओवी," त्यांनी हाक मारली. "गाडी काढ."

जुन्या छावणीच्या जागी आता सिमेंटचे चार खुंट आणि गुडघाभर गवत होतं. बाईंनी तंबूच्या दाराची जागा अचूक दाखवली. ओवीने बूटपिशव्या चढवल्या, मापक खाली धरला. गवतात ताशी शून्य पूर्णांक बारा मायक्रोसीव्हर्ट. दोन पावलं पुढे, चटईएवढ्या चौकोनात, शून्य पूर्णांक बावीस. पुढे पुन्हा बारा.

"चव्वेचाळीस वर्षांत निम्म्याहून जास्त विरून गेलंय," ओवी हळू आवाजात म्हणाली. "तेव्हा हे शून्य पूर्णांक चाळीसच्या घरात असणार."

"म्हणजे रोज आम्ही अठ्ठावीस जास्तीचे वजा केले." बाई तिथेच गवतात टेकणार होत्या, पण माळावर जमिनीवर बसायचं नाही हा नियम त्यांचाच होता. त्या उभ्याच राहिल्या. "आणि झऱ्याखालच्या पट्टीवर नेमके तेवढेच होते. म्हणून ती हिरवी झाली."

*

परत येताना ओवीने गाडी मधेच थांबवली.

"मॅडम, एक बोलू? रागावू नका. आज मोजलं तर पट्टीवर फार नाही. मोठ्यांसाठी मर्यादेच्या आतच भरेल. निवासी शाळेचा नियम कडक आहे, त्यात बसणार नाही. मी नवीन पाहणी करते, शाळा दुसरीकडे जाईल. नियम बदलले, इतकंच सांगायचं. तुमची वही पुण्याला परत न्या."

"आणि चौदा जूननंतर मोजलेल्या बाकीच्या सगळ्या जागा?"

ओवीने गाडीचं इंजिन बंद केलं.

"तुमचीच पोरं त्या जागी खड्डे खणतात. हिरवं आहे म्हणून मास्क लावत नाहीत. तू तरी लावतेस का? का चुकलं ते सांगितल्याशिवाय एकही आकडा दुरुस्त होणार नाही."

"तुमचं नाव जाईल, मॅडम. शाळेला तुमचं नाव देणार होते ते लोक."

"बरं झालं अजून दिलं नाही ते. पाटी तरी पुसावी लागणार नाही." बाईंनी काचेबाहेर पाहिलं. "तू चांगल्या मनाने बोललीस. पण असं पुन्हा कुणाला सुचवू नकोस. आमचे मोडक सरही चांगल्याच मनाचे होते."

सत्काराआधीच त्यांनी दाखल्यावर सही करायला नकार दिला, आणि झालेल्या चुकीचं निवेदन तारीखवार लिहून दिलं. रांगोळीसकट. ते लिहायला त्यांना तासभर लागला. बायानकडे जायला मात्र त्यांचे पाय उचलेनात.

गेल्या तेव्हा बायान लोकर विंचरत होती. बाईंनी दुभाषी मधे घेतला नाही. मोडक्या भाषेत, हातवारे करत, सगळं सांगितलं. वाळू, वजा, शून्य. बायान विंचरायची थांबली.

"मी मरणार?"

"नाही. तुझ्यासारख्या हजार जणींत जास्तीच्या दोघीतिघी आजारी पडतील, एवढंच."

"मुलांना?"

"ती लहान वयात इथे होती, म्हणून त्यांना थोडा जास्त धोका. दोघांचे दात मोजू, दरवर्षी तपासणी ठेवू. मी लिहून दिलंय."

बायानने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. बारा वर्षांपूर्वी तिचा नवरा पोटाच्या कॅन्सरने गेला होता.

"सेरिक?"

या प्रश्नासाठी बाई सकाळपासून उत्तर शोधत होत्या. त्याचं वय होतं, तो सिगारेटी ओढायचा, तसा आजार कुठेही होतो. सगळं खरं होतं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कधीच कळणार नाही."

बायान उठली. तिने वाडगा घेतला आणि चहा ओतला. काठोकाठ.

बाईंनी तो उभ्याउभ्याच प्याला, एक थेंबही न ठेवता, आणि त्या बाहेर पडल्या.

*

तीन दिवस बायानकडून काही निरोप आला नाही. त्या तीन दिवसांत ओवीने पट्टी पुन्हा मोजली. तेरा कुटुंबांची बैठक झाली. माणसं चिडली, ओरडली. एका म्हाताऱ्याने बाईंच्या पायाशी आपली टोपी आपटली. बाई समोर बसून राहिल्या आणि ज्याने जे विचारलं त्याचं उत्तर देत राहिल्या. शेवटी ठरलं की लहान मुलं असलेल्या घरांनी आधी हलायचं, वर पूर्वेच्या कड्याखाली, जिथे दुसरा झरा आहे. ओवीच्या मोजणीत ती जागा स्वच्छ निघाली होती.

चौथ्या दिवशी सकाळी बायान घोड्यावरून छावणीत आली. उतरली नाही.

"ती वरची जागा कोणी मोजली?"

"ओवीने."

"तू?"

"मी नाही. आता माझ्या मोजण्यावर कोण..."

"चल," बायान म्हणाली. "माझ्यासमोर मोज."

दोघी कड्याखाली गेल्या. बायान चालत पुढे, बाई मापक घेऊन मागे. बायान दाखवेल तिथे, तिने लाथेने उकरलेल्या मातीत, झऱ्याच्या चिखलात, मेंढ्या बसतील त्या उतारावर. प्रत्येक आकडा बाई मोठ्याने वाचायच्या आणि बायान तो स्वतः पडद्यावर बघायची. दुपार कलली. कमरेत कळ येऊ लागली तरी बाई मोजत राहिल्या.

"झालं," शेवटी बायान म्हणाली. "आता सांग. इथे राहू का?"

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी या प्रश्नाला उत्तर द्यायला एक क्षणही लागला नव्हता. आता बाईंनी सगळे आकडे पुन्हा एकदा बघितले.

"आकडे चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "मला दिसतंय त्यावरून राहा म्हणेन. पण मी आधीही म्हटलं होतं."

"हो. म्हटलं होतंस, आणि विमानात बसून गेलीस." बायानने घोड्याच्या पाठीवरून तंबूच्या नमद्याची, दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची, गुंडाळी खाली ढकलली. तिच्या आवाजात राग होता, पण तो आता कामाला लागलेला राग होता. "या वेळी तू राहायचंस. पहिला हिवाळा. माझ्या तंबूत, माझ्या शेजारी. याच झऱ्याचं पाणी प्यायचं. वसंतात ती पोरगी तुझा दात बघेल आणि माझा बघेल. मग मी सेरिकची कबर सोडून इथे कायमची येईन."

"हिवाळ्यात इथे उणे तीस असतं, बायान."

"चाळीस."

"मी मांस खात नाही."

"ते मी बघते."

बाईंना पुण्याचं घर आठवलं, मुलाने, निनादने, काढलेलं परतीचं तिकीट आठवलं, गुडघ्याच्या गोळ्या आठवल्या. निनादला फोन केला तर तो आधी ओरडेल, मग रडवेला होईल. गोळ्या ओवी मागवून देईल. त्या चार पावलं मागे गेल्या आणि सपाट जागा बघू लागल्या.

"दार कुठल्या दिशेला ठेवतेस?" त्यांनी विचारलं.

"दक्षिणेला. नेहमीच दक्षिणेला." बायानने दाराच्या जागी एक खुंटा ठोकला.

"इथे वारा कड्यावरून वळून येतो, सगळी धूळ आत येईल. थोडं पूर्वेला फिरव."

"मला तंबू लावायला शिकवतेस?"

"वाऱ्याबद्दल बोलतेय मी. ते काम मला येतं."

बायानने हात वर करून वारा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग तिने खुंटा उपटला, दोन हात पूर्वेला ठोकला आणि दोरीचं एक टोक बाईंच्या दिशेने फेकलं.

"ओढून धर," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

बाईंनी दोरी दोन्ही हातांनी धरली आणि टाचा मातीत रोवल्या.